पिल्लाचे वेळापत्रक

समजा, शनिवारची संध्याकाळ आहे. बऱ्याच दिवसांच्या हट्टानंतर आईबाबांनी होकार दिला आहे आणि तुम्ही खोक्यात घालून कुत्र्याचे एक पिल्लू घरी आणले आहे. मऊ मऊ अंग, लोंबते कान आणि शेपटीची सारखी वळवळ! त्याचे नावही ठरले : मोती. शेजारची मुले त्याला पाहावयास येतात. आजी वाटीत दूध-पोळी कुस्करून ठेवते. मोती ती मिटक्या मारीत खातो आणि सगळे घर खूश होते.

मग रात्र होते. दिवे मालवल्यावर दहाच मिनिटांत मोती केविलवाणा रडू लागतो. अकरा वाजतात, बारा वाजतात. रडणे काही थांबत नाही. दोन वाजता बाबा उठतात, तो त्यांचा पाय ओल्या फरशीवर पडतो. सकाळी पाहावे तर दूध-पोळी मुळीच पचलेली नाही आणि घरभर घाण झालेली आहे. आईच्या चपलेचा पट्टा तुटला आहे. तुमच्या हातावर दातांच्या बारीक खुणा उमटल्या आहेत. सोमवारी तुम्ही शाळेत आणि आईबाबा कामावर जाता, तेव्हा मोती एकटाच ओरडत राहतो. बुधवारी घरात पहिल्यांदा कोणीतरी म्हणते, “हे पिल्लू फारच द्वाड निघाले. कुठेतरी सोडून येऊ या.”

मित्रांनो, मंडईच्या मागे किंवा रस्त्याच्या कडेला भेदरून बसलेले एखादे पिल्लू तुम्ही पाहिले असेल. त्यांतली काही अशाच एका बुधवारनंतर तेथे पोचलेली असतात. पण मोती खरोखरच द्वाड होता काय? त्या चार दिवसांत त्याने जे जे केले, त्यातली एकही गोष्ट खोडी नव्हती. प्रत्येकीला त्याच्या वाढीतले एक कारण होते. पिल्लाचे शरीर आणि त्याचा मेंदू एका ठरलेल्या वेळापत्रकाप्रमाणे वाढत असतात. ते वेळापत्रक घरच्यांना ठाऊक नव्हते, एवढाच काय तो घोटाळा. ते आज आपण पाहू या.

पहिले आठ आठवडे

कुत्र्याचे पिल्लू जन्मते तेव्हा ते आंधळे आणि बहिरे असते. त्याचे डोळे साधारणपणे दहा ते चौदा दिवसांनी उघडतात आणि कानांच्या नळ्या त्यानंतर थोड्याच दिवसांनी मोकळ्या होतात. तोपर्यंत वास, स्पर्श आणि ऊब एवढ्यांवरच त्याचे जग चालते. मोठ्या कुत्र्याच्या शरीराचे तापमान ३८ ते ३९ अंश सेल्सिअसच्या आसपास असते. पण नवजात पिल्लाला स्वतःचे तापमान टिकविता येत नाही. थंडीने कुडकुडण्याची क्रियासुद्धा त्याला पहिले काही दिवस जमत नाही. म्हणून सगळी भावंडे एकमेकांच्या अंगावर ढीग करून आईच्या पोटाशी झोपतात.

एवढेच काय, या वयात त्याला आपण होऊन लघवीसुद्धा करता येत नाही. आई जिभेने त्याचे पोट व शेपटीखालचा भाग चाटते, तेव्हा ती क्रिया घडते. आणि आई ती जागा लगेच स्वच्छही करते. तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास पिल्लू उभे राहून चालू लागते. त्याचे दुधाचे दात याच सुमारास हिरड्यांतून डोके वर काढू लागतात. मग भावंडांची झोंबाझोंबी सुरू होते. एकाने दुसऱ्याला जोरात चावले की दुसरे किंचाळते आणि खेळ थांबतो. किती जोराने चावले म्हणजे खेळ मोडतो, हे पिल्लू येथेच शिकते. ही शाळा अर्धवट सोडून चार-पाच आठवड्यांचे पिल्लू घरी आणले, तर हा धडा त्याला तुमच्या हातांवर शिकावा लागतो! आपल्या देशात २०१७ साली केलेल्या नियमांप्रमाणे आठ आठवड्यांहून लहान पिल्लू विकण्यास मनाई आहे. त्यामागे हे शास्त्र आहे.

रात्रीचे रडणे

आता मोतीच्या पहिल्या रात्रीकडे वळू. जन्मापासून तो एकही रात्र एकटा झोपला नव्हता. ऊब, आईचा वास आणि भावंडांचा श्वास हे सगळे एका संध्याकाळी नाहीसे झाले. रानटी अवस्थेत कळपापासून चुकलेल्या पिल्लाला वाचण्याचा एकच मार्ग असे : ओरडत राहणे, म्हणजे आई आवाजाच्या दिशेने येई. मोती तेच करीत होता.

उपाय सोपा आहे. पहिले काही दिवस त्याचे खोके तुमच्या अंथरुणाजवळ ठेवा. खोक्यात मऊ गोणपाट किंवा जुनी चादर घाला. जमल्यास ज्या घरून पिल्लू आणले तेथला, आईचा वास लागलेला एखादा कपडा मागून आणा. पिल्लाला तुमच्या श्वासाचा आवाज आला की ते बहुधा शांत होते. पुढे खोके हळूहळू दूर सरकविता येते.

ओली फरशी

दोन महिन्यांच्या पिल्लाचे मूत्राशय लहान असते आणि ते आवळून धरणाऱ्या स्नायूंवर त्याचा ताबा पुरता बसलेला नसतो. अनुभवी माणसे एक ढोबळ हिशेब सांगतात : पिल्लाचे वय जितके महिने, त्यात एक मिळवा, दिवसा फार तर तितके तास ते लघवी धरू शकते. म्हणजे दोन महिन्यांचा मोती जास्तीत जास्त तीन तास. रात्री अकरापासून सकाळी सहापर्यंत सात तास होतात. तेव्हा फरशी ओली झाली नसती तरच नवल!

झोपेतून उठल्यावर, खेळून झाल्यावर आणि खाल्ल्यावर पिल्लाला बाहेर जावे लागते. खाल्ल्यावरच का? जठर अन्नाने ताणले गेले की मज्जातंतूंमार्फत मोठ्या आतड्याला संदेश जातो आणि त्याची हालचाल वाढते. हे तुमच्या-आमच्या शरीरातही घडते. लहान बाळांत तर ते स्पष्ट दिसते. म्हणून या तीन वेळी, आणि एरवी दर दोन तासांनी, पिल्लाला उचलून एका ठरलेल्या जागी न्यावे. रात्रीही एकदा-दोनदा उठावे लागते. काम झाले की त्याच क्षणी त्याला शाबासकी आणि खाऊचा लहानसा तुकडा द्यावा. हे काही आठवडे नेमाने करावे लागते. ते एका दिवसात होत नाही.

दूध-पोळीची गोष्ट

आजीने दूध-पोळी दिली ती मायेने. पण गाईचे दूध आणि कुत्रीचे दूध यांत बराच फरक आहे. कुत्रीच्या दुधात प्रथिने आणि स्निग्ध पदार्थ गाईच्या दुधाच्या दुपटीहून अधिक असतात, तर दुग्धशर्करा कमी असते. शिवाय पिल्लू आईचे दूध सोडू लागले की दुग्धशर्करा पचविणारे विकर त्याच्या आतड्यात कमी होत जाते. न पचलेली साखर मोठ्या आतड्यात पोचते, तेथील जिवाणू ती आंबवितात, पाणी ओढले जाते आणि पिल्लाला हगवण लागते. मोतीचे तेच झाले.

पोळीची गोष्ट वेगळी. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात असे आढळले की, पिष्ट पचविणाऱ्या विकराच्या जनुकाच्या प्रती लांडग्यापेक्षा कुत्र्यात कितीतरी अधिक असतात. माणसाच्या उकिरड्याजवळ आणि शेतीजवळ राहता राहता त्याच्या शरीरात हा बदल झाला असावा. म्हणून पोळी-भात त्याला पचतो. पण वाढत्या पिल्लाला लागणारी प्रथिने आणि चुना, म्हणजे कॅल्शियम, त्यातून पुरेसे मिळत नाहीत. काय आणि किती खायला द्यावे, हे पशुवैद्याला विचारून ठरवावे. या वयात दिवसातून तीन-चार वेळा थोडे थोडे द्यावे लागते.

काही पदार्थ मात्र लाडानेही देऊ नयेत. कांदा व लसूण यांमुळे कुत्र्याच्या तांबड्या रक्तपेशी फुटतात. द्राक्षे, मनुका आणि बेदाणे यांनी त्याची मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. चॉकलेटमधील थिओब्रोमीन हे द्रव्य आपले शरीर लवकर बाहेर टाकते. कुत्र्याचे शरीर ते फार सावकाश टाकते, त्यामुळे त्याचे हृदय व मज्जासंस्था यांवर घातक परिणाम होतो.

दात, चप्पल आणि हात

तुम्हाला दुधाचे दात होते वीस. मोतीला असतात अठ्ठावीस, आणि तेही सुईसारखे टोकदार. चौथ्या महिन्याच्या सुमारास ते पडू लागतात आणि सहा-सात महिन्यांपर्यंत त्यांच्या जागी बेचाळीस कायमचे दात येतात. म्हणजे तुम्हाला ज्यासाठी सहा-सात वर्षे लागतात, ते काम त्याच्या जबड्यात तीन-चार महिन्यांत उरकते! हिरड्या ठणकतात आणि काहीतरी चावले की बरे वाटते. शिवाय पिल्लाला हात नाहीत. नवी वस्तू काय आहे हे ते तोंडानेच तपासते. चप्पल चामड्याची असते आणि तिला घरच्या माणसाचा वास असतो. तिच्याहून चांगले काय मिळणार?

तेव्हा चपला उंच फळीवर ठेवा आणि विजेच्या वायरी त्याच्या तोंडाला येणार नाहीत अशा बांधा. त्याला चावायला ओल्या फडक्याची गाठ किंवा रबरी खेळणे द्या. हाताला चावू लागले तर हात हिसकू नका, खेळ थांबवा आणि अर्धा मिनिट दुसरीकडे पाहा. भावंडांच्या शाळेतला तो नियम मोतीला आठवेल.

एक मात्र पक्के ध्यानात ठेवा. पिल्लाचे दात लागून रक्त आले, किंवा नुसता ओरखडा उठला, तरी घरच्यांपासून लपवू नका. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पूर्ण पंधरा मिनिटे धुवा आणि लगेच डॉक्टरांकडे जा. रेबीज म्हणजे पिसाळ रोग पिल्लांनाही होतो. त्याची लक्षणे दिसू लागल्यावर माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. पण वेळीच घेतलेल्या लशींनी तो टाळता येतो. पिल्लालाही तीन महिन्यांच्या सुमारास रेबीजची लस टोचून घ्यावी लागते आणि ती पुढे पशुवैद्य सांगतील त्याप्रमाणे पुन्हा द्यावी लागते.

लस पुन्हा पुन्हा का?

पिल्लाला इतर लशी मात्र एकदा टोचून भागत नाही. सहा ते आठ आठवड्यांच्या वयापासून सोळा आठवड्यांपर्यंत दर तीन-चार आठवड्यांनी त्या द्याव्या लागतात. असे का?

जन्मल्यावर पहिल्या दिवसाच्या चिकाच्या दुधातून पिल्लाला आईची प्रतिपिंडे मिळतात. ही रोगांशी लढणारी उसनी फौज होय. ती असेपर्यंत पिल्लाचे रक्षण होते. पण हीच फौज लशीतील दुबळ्या विषाणूंनाही मारून टाकते, आणि मग पिल्लाचे शरीर स्वतःची फौज उभारायला शिकतच नाही. उसनी फौज हळूहळू विरत जाते. ती नक्की कधी संपेल हे प्रत्येक पिल्लाच्या बाबतीत निराळे असते. म्हणून ठराविक अंतराने लस देत राहावे लागते. त्यांतली एक तरी योग्य वेळी पडतेच.

मधल्या काळात धोका असतो. पार्व्हो हा विषाणू १९७८ साली प्रथम ओळखला गेला आणि दोनएक वर्षांतच जगभर पसरला. तो आतड्याच्या अस्तरातील झपाट्याने वाढणाऱ्या पेशींवर हल्ला करतो. उलट्या आणि रक्ताचे जुलाब होऊन लहान पिल्ले दोन-तीन दिवसांत दगावू शकतात. हा विषाणू मातीत कित्येक महिने टिकतो. म्हणून लशी पूर्ण होईपर्यंत, जेथे अनोळखी कुत्री फिरतात अशा जमिनीवर पिल्लाला सोडू नये.

थोडे दिवस उघडी असलेली खिडकी

मग काय चार महिने त्याला घरात कोंडून ठेवायचे? येथेच वेळापत्रकातली सर्वांत अवघड अडचण येते.

अमेरिकेतील मेन राज्यात बार हार्बर येथे जॅक्सन प्रयोगशाळा आहे. तेथे फ्रीडमन, किंग व एलियट या शास्त्रज्ञांनी केलेला एक प्रयोग १९६१ साली प्रसिद्ध झाला. त्यांनी पिल्लांना उंच कुंपणाच्या आवारात त्यांच्या आयांबरोबर वाढविले आणि माणसाचा संबंध येऊ दिला नाही. मग काही पिल्लांना दुसऱ्या, काहींना तिसऱ्या, पाचव्या, सातव्या किंवा नवव्या आठवड्यात, फक्त एक आठवडा माणसांच्या सहवासात आणले. काही पिल्लांना मात्र चौदा आठवड्यांपर्यंत माणूस भेटलाच नाही. ही शेवटची पिल्ले माणसाला पाहून रानटी जनावरासारखी पळू लागली आणि नंतर त्यांना माणसाळविणे अतिशय कठीण गेले. याच प्रयोगशाळेतील स्कॉट व फुलर यांनी आपले अनेक वर्षांचे निरीक्षण १९६५ साली पुस्तकरूपाने मांडले. तिसऱ्या आठवड्यापासून साधारण बारा-चौदा आठवड्यांपर्यंत पिल्लाच्या मनाची जणू एक खिडकी उघडी असते. त्या काळात जे जे त्याला निर्भयपणे भेटते ते त्याला आपले वाटते. खिडकी मिटू लागली की नव्या गोष्टीची भीती वाढते.

आता दोन्ही वेळापत्रके शेजारी ठेवा. खिडकी मिटते बारा-चौदा आठवड्यांना. लशी पुऱ्या होतात सोळा आठवड्यांना! लशींची वाट पाहत बसलो तर खिडकी मिटते, आणि बेफिकीरपणे हिंडविले तर रोग होतो. यातून मार्ग असा : पिल्लाला खाली न सोडता कडेवर घेऊन बाहेर न्या. त्याला रिक्षाचा आवाज, छत्री, पावसाची सर, प्रेशर कुकरची शिट्टी, काठी घेतलेले आजोबा आणि पाळण्यातले बाळ यांची दुरून, हळूहळू, खाऊ देत देत ओळख करून द्या. फटाक्यांच्या आवाजापासून मात्र त्याला जपा. हे काम दोन-अडीच महिन्यांच्या पिल्लाला घरी आणल्यावर जेमतेम महिना-दीड महिना करता येते. तेव्हा वेळ काढला नाही, तर भित्रे आणि भीतीपोटी चावणारे कुत्रे तयार होण्याचा संभव वाढतो.

अपराधी चेहरा

“पण त्याला चूक कळते! मी घरी आलो की ते कान पाडून कोपऱ्यात बसते,” असे पुष्कळ जण म्हणतात. २००९ साली अलेक्झांड्रा होरोविट्झ या अमेरिकन संशोधिकेने ही गोष्ट तपासली. मालकाने मनाई केलेला खाऊ कुत्र्याने खाल्ला की नाही, हे काही वेळा मालकाला मुद्दाम खोटे सांगण्यात आले. त्यात असे दिसले की, मालक रागावला म्हणजे कुत्रे अपराधी चेहरा करी. मग त्याने खाऊ खाल्लेला असो वा नसो. तो चेहरा पश्चात्तापाचा नसून समोरच्या रागाला दिलेले उत्तर होता.

कृती आणि तिचे फळ काही क्षणांत एकापाठोपाठ आले, तरच कुत्रे त्यांची सांगड घालते. तीन तासांपूर्वी ओल्या केलेल्या फरशीवर नाक घासून ते एकच गोष्ट शिकते : हे लोक घरी आले की भ्यावे.

आणि एवढे सगळे जमल्यावर, सहा-आठ महिन्यांनी मोती पुन्हा ऐकेनासा होतो, तेव्हाही घाबरू नका. त्याचे ते पौगंडावस्थेचे दिवस असतात. ब्रिटनमध्ये २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आठ महिन्यांची कुत्री पाच महिन्यांच्या वयातल्यापेक्षा मालकाची आज्ञा कमी पाळताना आढळली. अनोळखी माणसाचे मात्र ती ऐकत! वर्षाची झाल्यावर ती पुन्हा ताळ्यावर आली. तुमच्या आईला हे वाचून दाखवा. तिला आणखी कोणाची तरी आठवण येईल.

आठ दिवसांचा प्रयोग

पिल्लू आणण्यापूर्वी घरी एक प्रयोग करून पाहा. साहित्य : एक गजराचे घड्याळ, एक वही, पाण्याची वाटी, फडके.

आठ दिवस, पिल्लू घरात आहे असे समजून वागा. सकाळी सहा वाजता उठून दहा मिनिटे बाहेर उभे राहा. घरी असाल तेव्हा दर दोन तासांनी हातातले काम सोडून बाहेर जा, मग क्रिकेट ऐन रंगात का असेना! रात्री दोन वाजता गजर लावून उठा आणि खाली जाऊन या. दिवसातून दोनदा वाटीभर पाणी फरशीवर सांडा आणि स्वतः पुसा. चपला, दप्तर, पुस्तके जमिनीवर दिसली की ती फाटली असे समजून वहीत नोंद करा. तुम्ही शाळेत असताना घरी कोण असेल, सुटीत गावी गेल्यावर पिल्लाला कोण पाहील, लशी व खाणे यांचा खर्च दरमहा किती येईल, हे विचारून लिहा. दररोज रात्री त्या दिवसाचे काम कोणी केले, त्याचे नाव लिहा.

आठव्या दिवशी सर्वांनी बसून वही वाचा. वहीत सगळीकडे एकट्या आईचेच नाव असेल, तर उत्तर स्पष्ट आहे. तसे असले तर वाईट वाटून घेऊ नका. प्रयोगाचे उत्तर ‘नाही’ असे आले तरी प्रयोग यशस्वीच असतो. एका पिल्लाचा बुधवार त्यामुळे टळला. कुत्रे दहा ते तेरा वर्षे जगते. आज तुम्ही सातवीत असाल, तर मोती म्हातारा होईल तेव्हा तुम्ही पंचविशीला टेकलेले असाल. पाळीव प्राण्याला योग्य कारणाशिवाय वाऱ्यावर सोडून देणे हा १९६० सालच्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक अधिनियमाप्रमाणे गुन्हाही आहे.

आणि वहीत जर चार-पाच नावे सारखीच दिसली, रात्री दोनच्या गजराला कोणी ना कोणी उठत गेले, तर मग खुशाल खोके घेऊन जा. विकत आणण्यापेक्षा आपल्याच गल्लीतले एखादे निराधार गावठी पिल्लू मिळाले तर अधिकच चांगले. आपल्या हवेला ते मुळातच सरावलेले असते. पहिल्या रात्री ते रडेल, दोन वाजता फरशी ओली करील आणि एक तरी चप्पल फाडील. पण या वेळी तसे का झाले, हे घरात तुम्हाला ठाऊक असेल.